बिऱ्हाड पाठीवर : खारदांड्याहून दिसणारा कौटुंबिक प्रवासाचा इतिहास

चैत्राचा शुद्ध पक्ष लागला की खारदांड्याच्या कोळीवाड्यात टेम्पो येऊन उभे राहतात. त्यांच्या हौद्यात आधी ताडपत्री आणि चटया अंथरल्या जातात. मग टोप, पातेली, शेगडी, तांदळाची पोती, सुकटीचे डबे आणि पाण्याचे पिंप चढवले जाते. शेवटी आजीपासून तान्ह्या मुलापर्यंत सगळे घर त्यात बसते आणि कार्ल्याच्या एकवीरा आईकडे निघते. वाटेत रांधायचे, जागा मिळेल तेथे पथारी टाकायची, डोंगर चढून दर्शन घ्यायचे आणि दोन-तीन दिवसांनी समुद्राकडे परतायचे, असा हा प्रवास असतो. आम्ही खारदांड्याच्या शेजारीच राहत असल्यामुळे अनेक वर्षे हे दृश्य पाहत आलो आहोत. परंतु त्याला 'कौटुंबिक सहल' म्हणावे असे आम्हाला कधी सुचले नाही. ते सुचले गेल्या हिवाळ्यात, आम्ही स्वतः भाड्याची 'कॅम्परव्हॅन' घेऊन कोकण किनाऱ्याने निघालो तेव्हा. चार बिछाने, ओटा, शीतकपाट, पाण्याची टाकी आणि चिमुकले शौचालय असलेली ती गाडी कोळीवाड्याच्या तोंडाशी उभी होती. आमच्या ओळखीच्या एका मासळीवाल्या मावशींनी तिच्यात डोकावून पाहिले आणि म्हणाल्या, "म्हंजे आमचा एकवीरेचा टेम्पोच की गो! फक्त तुमच्याला दार हाय."

त्या एका वाक्याने आमची सुटी काहीशी बिघडवली, आणि ती बिघडवल्याबद्दल आम्ही मावशींचे ऋणी आहोत. घर बरोबर घेऊन कुटुंबाने किनाऱ्याने हिंडणे ही गोष्ट आपल्याकडे नवी आहे, पाश्चात्त्यांची आहे, असे आम्ही गृहीत धरले होते. ते गृहीतक तपासून पाहणे, आणि त्या निमित्ताने मराठी माणसाच्या कौटुंबिक प्रवासाचा इतिहास थोडा चाळून पाहणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

१.

आरंभ शब्दांपासून करणे सोयीचे आहे. 'व्हॅन' हा इंग्रजी शब्द 'कॅरॅव्हॅन'चे शेपूट आहे, आणि 'कॅरॅव्हॅन' हा फारसी 'कारवान'. म्हणजे जी गाडी आज एका चौकोनी कुटुंबाच्या एकांताचे प्रतीक झाली आहे, तिच्या नावात मुळात शेकडो माणसांचा आणि जनावरांचा काफिला दडलेला आहे. याच अर्थाचा जुना संस्कृत शब्द 'सार्थ' होय. त्याचा नायक तो सार्थवाह. मराठीत लमाणांचा 'तांडा' आहे. मात्र या सर्वांपेक्षा आपल्या विषयाला जवळचा असा एक शब्द मराठीपाशी आहे, तो म्हणजे 'बिऱ्हाड'. बिऱ्हाड म्हणजे राहती जागा आणि बिऱ्हाड म्हणजे उचलून नेण्याजोगा संसारही. घर आणि सामान यांत भेद न करणारा हा शब्द आहे. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण त्यामुळेच इतकी नेमकी वाटते. कॅम्परव्हॅनला मराठी प्रतिशब्द शोधण्याची वेळ आलीच तर तो शोधायला फार दूर जावे लागणार नाही.

परंतु शब्द जवळ असला तरी त्याच्याभोवतीची भावना निराळी आहे. विंचवाची म्हण कौतुकाने म्हटली जात नाही. ज्याला ठाव नाही, ज्याचे उद्या कोठे असेल ते सांगता येत नाही, त्याच्याविषयी ती म्हटली जाते. स्थिर घर असलेल्या माणसाने फिरत्या घराकडे पाहण्याची ही दृष्टी आहे. हीच दृष्टी इंग्लंडातही होती, आणि गंमत अशी की हौशी कॅरॅव्हॅनचा जन्म तिच्या ऐन भरात झाला.

गॉर्डन स्टेबल्स नावाचे आरमारातून निवृत्त झालेले एक डॉक्टर मुलांसाठी साहसकथा लिहीत असत. त्यांनी ब्रिस्टलच्या कारखान्यातून घोड्यांनी ओढायची एक ऐसपैस गाडी बांधून घेतली, तिचे नाव 'वाँडरर' ठेवले आणि १८८५ साली तिच्यातून इंग्लंड-स्कॉटलंडचा प्रवास केला. दुसऱ्या वर्षी त्या प्रवासावर त्यांचे पुस्तक निघाले. केवळ मौजेखातर बांधलेली ही पहिली कॅरॅव्हॅन मानली जाते. १९०७ मध्ये तेथे 'कॅरॅव्हॅन क्लब' स्थापन झाला तेव्हा स्टेबल्स त्याच्या पदाधिकाऱ्यांत होते. आता या घटनेची दुसरी बाजू पाहा. स्टेबल्सनी जिचे अनुकरण केले ती गाडी जिप्सींची होती. आणि नेमक्या त्याच दशकात कोलव्हिलचे जॉर्ज स्मिथ हे समाजसुधारक जिप्सींच्या 'फिरत्या निवासां'ची नोंदणी व तपासणी व्हावी, त्यांच्या मुलांना शाळेत घालण्याची सक्ती व्हावी, यासाठी ब्रिटिश संसदेत विधेयकांमागून विधेयके आणवीत होते. ती विधेयके संमत झाली नाहीत. तरीही एकाच रस्त्यावरून जाणाऱ्या दोन गाड्यांपैकी एकीचे स्वागत होते आणि दुसरीची चौकशी होते, हे तेव्हाच ठरून गेले होते.

आपल्याकडे तर हे कायद्यानेच ठरले होते. १८७१ च्या 'क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट'ने ज्यांच्या पाठीवर बिऱ्हाड आहे अशा अनेक जमातींना जन्मतः गुन्हेगार मानले. हजेरी, परवाना, तारेच्या कुंपणातील वसाहती हे सारे त्यातून आले. हा कायदा रद्द होऊन १९५२ साली या जमाती 'विमुक्त' झाल्या. तरी गावाबाहेर पाल पडले की पोलीस पाटलाला वर्दी जाण्याची रीत काही त्या दिवशी संपली नाही.

मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याला येथे लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'ची (१९८०) आठवण होणे अपरिहार्य आहे. आपण प्रवासवर्णनांचा इतिहास लिहितो तेव्हा त्यात 'उपरा'ला जागा देत नाही. ते आत्मचरित्र, दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या साहित्याच्या कप्प्यात जाते. ते तेथे योग्यच आहे. तथापि गाढवांवर संसार लादून गावोगाव हिंडणाऱ्या एका कैकाडी कुटुंबाची रोजची वाटचाल, मुक्कामाच्या जागेसाठीची विनवणी, पावसात पाल सावरणे, शाळेत जाऊ पाहणाऱ्या मुलाची ओढाताण, हे सर्व प्रवासाचेच वर्णन आहे. मराठीतील कौटुंबिक प्रवासाचे सर्वांत सविस्तर वर्णन कदाचित तेच असेल. त्याला आपण प्रवासवर्णन म्हणत नाही याचे कारण उघड आहे. ज्या प्रवासाला परतायचे घर नाही त्याला प्रवास म्हणायची आपली तयारी नसते.

२.

घर असलेल्या मराठी माणसाचा प्रवास कसा होता? स्थूलमानाने त्याची तीन रूपे दिसतात : यात्रा, गावी जाणे आणि हवापालट. यांत सुटी म्हणून समुद्रकिनारी जाणे बसत नाही.

यात्रेचे एक श्रेष्ठ दस्तऐवजी उदाहरण म्हणजे विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास'. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक १८५७ साली आपल्या चुलत्यांबरोबर द्रव्यार्जनासाठी उत्तरेत गेले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. चिंतामण विनायक वैद्य यांनी हे पुस्तक १९०७ मध्ये प्रसिद्ध केले. बंडाची हकीकत म्हणून ते वाचले जाते. पण आमच्या विषयाच्या दृष्टीने त्यात लक्षणीय आहे ती एक अनुपस्थिती. किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर जन्मलेला हा माणूस निघतो तो घाट चढून देशाकडे, आणि तेथून गंगेकडे. बायकामाणसे घरीच राहतात. समुद्र त्याच्या प्रवासाची दिशा होऊ शकत नाही, कारण समुद्राकडे पुण्यही नाही आणि दक्षिणाही नाही. किनाऱ्यावरचा माणूस प्रवासाला निघाला की समुद्राकडे पाठ करतो. खारदांड्याचे टेम्पो चैत्रात तेच करतात, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

गावी जाणे हे दुसरे रूप मुंबईने निर्माण केले. गिरण्या, गोदी आणि कचेऱ्या यांच्यासाठी कोकणातून माणसे आली आणि शिमगा, गणपती, मे महिना यांना त्यांचे परतणे सुरू झाले. हे परतणे दीर्घकाळ पाण्यावरून होत असे. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या आगबोटी बंदरोबंदर थांबत दक्षिणेकडे जात. बोट खोल पाण्यात उभी राही आणि पडावांतून उतारू, ट्रंका, वळकट्या, आजाऱ्या म्हाताऱ्या आणि रडणारी पोरे किनाऱ्याला लागत. डेकवर वळकटी पसरून जी जागा धरायची तेच त्या रात्रीचे बिऱ्हाड. शिदोरी तेथेच सुटायची, मुले तेथेच झोपायची. कुटुंबाने किनाऱ्या-किनाऱ्याने केलेला हा खराखुरा प्रवास होता; पण त्यात कोणी किनारा 'पाहत' नव्हते. किनारा म्हणजे बंदरांची क्रमवार यादी, आणि आपले बंदर केव्हा येते याची चिंता.

या पाण्यावरच्या प्रवासाची एक किंमतही होती. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट वादळी समुद्रात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. आषाढ संपत आला होता, स्वातंत्र्याला महिनादेखील उरला नव्हता. बुडालेले बहुतेक लोक घरी निघाले होते. कोकणच्या कितीतरी घरांत 'रामदास बुडाली त्या वर्षी' अशी कालगणना पुढे अनेक वर्षे चालू होती. ज्या समाजाच्या स्मरणात समुद्र असा आहे, त्याने वाळूत पाय पसरून सूर्यास्त पाहण्याला उशिरा सुरुवात केली असेल तर नवल नाही.

तिसरे रूप हवापालटाचे. येथे मात्र आपण खारदांड्याच्या अगदी अंगणात येतो. १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे झाला. लेडी अवाबाई जमसेटजी जीजीभॉय यांनी त्यासाठी दिलेल्या देणगीमुळे मुंबई बेट साष्टीला जोडले गेले. १८६७ मध्ये वांद्र्याला आगगाडी थांबू लागली. मग धनिकांचे बंगले वांद्रे-जुहूच्या किनाऱ्यावर आले. डॉक्टरांनी 'समुद्राची हवा' लिहून द्यायची आणि ज्यांना परवडते त्यांनी ती घ्यायची असा तो काळ होता. जानेवारी १९२४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाल्यावर गांधीजींची तुरुंगातून सुटका झाली आणि पुढचे काही महिने ते विश्रांतीसाठी जुहूला नरोत्तम मोरारजींच्या बंगल्यात राहिले. मोतीलाल नेहरू आणि चित्तरंजन दास यांच्याशी कायदेमंडळ-प्रवेशावरील त्यांच्या चर्चा तेथेच झाल्या. हे नरोत्तम मोरारजी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशनच्या संस्थापकांपैकी एक. कोकणच्या आगबोटींचा धंदा पुढे याच सिंदियाकडे गेला, हा योगायोगही नोंदण्याजोगा आहे.

त्याच १९२४ साली खारचे रेल्वे स्थानक सुरू झाले. खार म्हणजे भरतीचे पाणी शिरणारी खारी जमीन. तिच्यावर आखीव रस्ते, बंगले आणि सोसायट्या उभ्या राहिल्या, आणि आधीपासून असलेल्या दांड्याच्या कोळीवाड्याला 'खारदांडा' हे जोडनाव चिकटले. 'दांडा' हा शब्द किनारपट्टीवर पुनःपुन्हा भेटतो : केळवे-दांडा, आगरदांडा, रेवदंडा. तो कोळ्यांच्या भूगोलातला शब्द आहे. 'खार' पुढे स्थानकाचा आणि मालमत्तेच्या व्यवहारांचा शब्द झाला. या जोडनावात दोन किनारे एकमेकांना खेटून उभे आहेत. एक हवापालटाचा आणि दुसरा बोंबील वाळवण्याचा. एकाच वाऱ्याला पहिला 'समुद्राची हवा' म्हणतो. त्याच वाऱ्याला नवागत 'वास' म्हणतो, आणि मासळी वाळवणाऱ्या बाईच्या लेखी तो रोजच्या कामाचा भागीदार असतो.

३.

स्वातंत्र्यानंतर सुटी नावाची वस्तू मध्यमवर्गाच्या घरात आली. तिची कारणे काव्यात्म नाहीत. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) मार्गावर राज्याची पहिली एसटी धावली, आणि पुढच्या काही दशकांत आगबोटीने जी गावे बंदर म्हणून ओळखली जात ती 'स्टँड' म्हणून ओळखली जाऊ लागली. १९५६ मध्ये केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना रजा प्रवास सवलत मिळाली. 'एलटीसी' या तीन अक्षरांनी मराठी मध्यमवर्गाला काश्मीर आणि कन्याकुमारी दाखवली. त्यावर आपल्या समीक्षेने जवळजवळ काहीच लिहिलेले नाही. आपण 'अपूर्वाई' (१९६०) आणि तिच्या आगेमागे आलेल्या परदेश-प्रवासवर्णनांवर भरपूर लिहिले. त्याच काळात लक्षावधी कारकून, शिक्षक आणि रेल्वे कर्मचारी होल्डॉल, फिरकीचा तांब्या आणि चकल्यांचा डबा घेऊन भारत पाहत होते. त्यांचे अनुभव पत्रांत आणि छायाचित्रांच्या आल्बमांत राहिले. घर बरोबर नेण्याची सवय येथेही सुटलेली नव्हती. स्टोव्ह बरोबर असे, धर्मशाळेत खिचडी शिजे.

गाडीचा इतिहास तर आमच्या उपनगरांतूनच जातो. बजाज टेम्पो ही कंपनी १९५८ साली जर्मन सहकार्याने सुरू झाली आणि तिच्या तीनचाकी मालवाहू गाड्या आरंभी मुंबईच्या गोरेगावात तयार होत. पुढे कारखाना पुण्याजवळ आकुर्डीला गेला. 'टेम्पो' हे एका जर्मन कंपनीच्या गाडीचे नाव मराठीत सामान्यनाम झाले ते इतके, की आज एकवीरेला जाणारी गाडी कोणत्याही कंपनीची असली तरी ती टेम्पोच असते. त्याच कंपनीच्या 'मेटॅडोर'चेही तेच झाले. लग्नाचे वऱ्हाड, गणपतीची मूर्ती, बदलीचे सामान आणि अष्टविनायकाची यात्रा हे सर्व मेटॅडोरने वाहिले. १९८४ मध्ये मारुतीची व्हॅन आली, पुढे तिची 'ऑम्नी' झाली आणि २०१९ पर्यंत ती बनत राहिली. मागचे आसन काढून गादी घातलेली ऑम्नी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना मराठी कुटुंबाची कॅम्परव्हॅन कोणती हे सांगावे लागणार नाही.

जर्मनीत फोक्सवॅगनने १९५० मध्ये आपली डबेवजा गाडी काढली आणि पुढच्याच वर्षी वेस्टफालिया या कंपनीने तिच्यात बिछाना आणि ओटा बसवला. युद्धातून सावरणाऱ्या युरोपीय कुटुंबाचे ते स्वस्त विश्रांतिगृह होते. साठ-सत्तरच्या दशकांत याच गाड्या इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर असे करीत गोव्याच्या हणजुण्यापर्यंत आल्या. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा शिरल्या आणि ती वाट मोडली. पण आपल्या किनाऱ्यावर गाडीत राहणारा माणूस कसा दिसतो, याची जी पहिली प्रतिमा आपल्या मनात ठसली ती त्या लांब केसांच्या परदेशी तरुणांची. म्हणून कॅम्परव्हॅन आपल्याला पाश्चात्त्य वाटते. कैकाड्यांची गाढवे आपण त्याआधी शेकडो वर्षे पाहत होतो. त्यांत आपल्याला कल्पना दिसली नाही, फक्त दारिद्र्य दिसले.

२०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. केरळनेही त्याच वर्षी तसे केले. गाड्यांची नोंदणी, कॅरॅव्हॅन उभ्या करण्यासाठी वीज-पाण्याची सोय असलेली उद्याने, सवलती, असे त्याचे स्वरूप आहे. धोरण वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. आम्ही स्वतः त्या नव्या हौसेचे लाभार्थी आहोत. परंतु फिरत्या बिऱ्हाडाला राज्याने मुक्कामाची जागा, पाणी आणि संरक्षण देऊ करावे, आणि ते बिऱ्हाड सुटीवरच्या माणसाचे असावे, ही घटना १८७१ च्या कायद्याच्या शेजारी ठेवून वाचली पाहिजे असे आम्हाला वाटते.

४.

आमच्या प्रवासाविषयी थोडेच सांगण्यासारखे आहे. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रोरो बोटीत (ही सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली) आम्ही गाडीसकट चढलो. 'रामदास' जेथे बुडाली तो भाग त्या वाटेपासून फार दूर नाही. बोटीवरच्या उपाहारगृहात मुले बटाटेवडे खात होती. आम्ही त्यांना ती गोष्ट सांगितली. त्यांनी ती ऐकली आणि खिडकीबाहेर पाहिले. पाणी शांत होते.

कोकणचा किनारा सलग रस्त्याने जाऊ देत नाही. अंतुले मुख्यमंत्री असताना (१९८०-८२) रेवस-रेड्डी सागरी मार्गाची कल्पना पुढे आली. तिला चार दशके उलटली तरी अनेक खाड्यांवर पूल व्हायचे आहेत. त्यामुळे आगरदांड्याहून दिघीला, बागमांडल्याहून वेसवीला, दाभोळहून धोपाव्याला, तवसाळहून जयगडला फेरीबोटीनेच जावे लागते. दाभोळची फेरी २००३ मध्ये सुरू झाली, त्यापूर्वी मोठा वळसा पडे. फेरीच्या रांगेत आमच्यापुढे आंब्याच्या पेट्यांची मोकळी गाडी, मागे वऱ्हाड, बाजूला दुचाकीवर मासळीची टोपली असे. खाडीकाठी सर्वांना सारखेच थांबावे लागते. आमचा वेळ ज्याला आम्ही सुटी म्हणत होतो, तो बहुतांशी या थांबण्यातच गेला आणि तोच चांगला गेला.

दोन प्रसंग मात्र लिहून ठेवले पाहिजेत. एका गावी रात्री उशिरा पोहोचल्यावर आम्ही समुद्रालगतच्या सपाट, स्वच्छ, सारवलेल्या दिसणाऱ्या जागेत गाडी उभी केली. पहाटे दारावर थाप पडली. बाहेर एक म्हातारी उभी होती, तिच्यामागे पाट्या घेतलेल्या तीन-चार बायका. "बाळांनो, खळ्यात गाडी लावलीत. आमची सुकट कुठं घालू?" तिच्या स्वरात राग नव्हता. आम्ही ओशाळून गाडी काढली. चाकांनी जमीन दोन ठिकाणी उखडली होती. ती तिने पायाने दाबून पाहिली आणि काही न बोलता कामाला लागली. नकाशावर ती जागा मोकळी होती. आमच्या भ्रमणध्वनीवरच्या नकाशात कोळ्याचे खळे, जाळी विणण्याची पडवी आणि होडी ओढून घ्यायची वाट यांना नावे नसतात. जेथे नाव नाही तेथे 'वाहनतळ' लिहायला किती वेळ लागतो?

दुसरा प्रसंग दापोलीच्या पुढचा. रस्ता अडवून मेंढरे चालली होती. पाठोपाठ दोन घोडी. त्यांच्यावर कांबळी, भांडी, खुराड्यातल्या कोंबड्या, आणि एका घोडीवर बांधून बसवलेले दोन-अडीच वर्षांचे मूल. हे देशावरचे धनगर. दिवाळीनंतर घाट उतरून ते कोकणात येतात, भातकापणी झालेल्या शेतांत मेंढ्या बसवतात, त्या खताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घेतात आणि पावसाळ्यापूर्वी पुन्हा घाट चढतात. कित्येक पिढ्यांचा हा क्रम आहे. आमच्या मुलीने खिडकीतून त्या मुलाला हात केला. त्यानेही केला. दोघेही आपापल्या घरात बसून किनाऱ्याने चालले होते. त्या रात्री आम्हाला मुक्कामासाठी एका रिसॉर्टने आपले आवार दिले, विजेची जोडणीही दिली. त्या कुटुंबाने कोठे मुक्काम केला हे आम्हाला माहीत नाही. पण त्यांनाही कोणाच्या तरी शेतात तो मागूनच मिळाला असणार. फरक इतकाच की त्यांच्या मुक्कामाने शेताला खत मिळाले.

हे लिहिताना एक सावधगिरी बाळगायला हवी. धनगराच्या वाटचालीला 'खरा प्रवास' म्हणून गौरवणे सोपे आहे, आणि ते अप्रामाणिक आहे. त्या मुलाची शाळा, त्याच्या आईचे बाळंतपण, पावसाळ्याआधी घाट गाठण्याची घाई हे आम्ही भोगलेले नाही. आमच्या गाडीत आणि त्या घोडीत साम्य आहे, असे म्हणण्याचा हक्क आम्हाला फारसा नाही. ते साम्य मावशींनी खारदांड्यात दाखवले तेव्हा ते खरे होते, कारण त्या स्वतः टेम्पोत बसणाऱ्या होत्या.

५.

परत आलो तेव्हा खारदांड्याच्या बंदरावर ओहोटी होती. वांद्रे-वरळी सागरी सेतू २००९ मध्ये खुला झाला. आता वांद्र्याहून वर्सोव्यापर्यंतच्या सेतूचे काम समोरच्या पाण्यात चालू आहे. मासेमारीच्या जागा आणि होड्यांची ये-जा यांवर त्याचा परिणाम होईल म्हणून येथील मच्छीमारांनी त्याला हरकती घेतल्या आहेत. सेतू झाल्यावर आमच्यासारख्यांची कॅम्परव्हॅन समुद्रावरूनच निघेल आणि तिच्या खिडकीतून कोळीवाडा एक सुंदर दृश्य म्हणून दिसेल. किनारा नियमन क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेत बृहन्मुंबईतील कोळीवाड्यांसाठी वेगळी तरतूद होती, २०१९ मध्ये नवी अधिसूचना आली. पण कोळीवाड्याची हद्द नेमकी कोठपर्यंत, खळे आणि जाळी सुकवायची जागा तीत धरायची की नाही, हा वाद कागदावरून जमिनीवर पुरता उतरलेला नाही. कोळ्यांचे घर पक्के आहे, पिढ्यांचे आहे. तरीही आपण उपरे ठरू की काय ही धास्ती त्यांना आहे. पाठीवर बिऱ्हाड नसलेल्या माणसालाही ती वाटू शकते.

म्हणून आता चैत्रातल्या त्या टेम्पोंकडे आम्ही वेगळ्या नजरेने पाहतो. ते ज्या कार्ल्याला जातात तेथील चैत्यगृह दोन हजार वर्षांपूर्वीचे, घाटातून जाणाऱ्या व्यापारी वाटेवरचे. त्याच्या खांबांवर दान देणाऱ्यांची नावे आणि गावे कोरलेली आहेत. त्यांत यवन आहेत आणि आमच्याच किनाऱ्यावरच्या सोपाऱ्याहून आलेला एक धर्मपाठकही आहे. म्हणजे समुद्राकाठून निघून या डोंगरापर्यंत येण्याची वाट सार्थवाहांच्या काळापासूनची आहे. त्या चैत्यगृहाच्या तोंडाशीच एकवीरेचे देऊळ आहे. वर्षभर समुद्राकडे तोंड करून जगणारी माणसे तेथे येतात, दगडी अंगणात चूल मांडतात, आणि दर्यावर गेलेले आपले माणूस परत येऊ दे म्हणून डोंगरातल्या आईला सांगतात. त्यांच्या या प्रवासात करमणूक आहे, नाच आहे, बोकड आहे, भांडणही आहे. सुटीत जे जे असते ते सर्व आहे. मात्र एक वाक्य त्यात जास्तीचे आहे, ते म्हणजे आईला केलेले गाऱ्हाणे.

मावशींना आम्ही खळ्याची गोष्ट सांगितली. त्या हसल्या नाहीत. पापलेट साफ करता करता एवढेच म्हणाल्या, "मंग सारवून दिलंव का नाय?"

आम्ही सारवून दिले नव्हते. तसे करायचे असते, हे आम्हाला सुचलेही नव्हते.